टरफलांची उधारी

कालपासून बोग्लार चालत नाही.
म्हणजे चालते, पण पाय फाकून,
शेपूट जमिनीवर ओढत,
भिजलेलं पोतं कुणी ढकलावं तशी.
कुंपणापलीकडून तिचा नर मान लांब करून
एकच प्रश्न विचारत राहतो.

केलेमेन डॉक्टर फोनवर हसला.
घोड्यांचा डॉक्टर तो, डुकरांचा.
"मार्च आहे, एतेल्काबाई, रस्ते चिखलात गेलेत,
एका हंसिणीसाठी चाळीस किलोमीटर?
मोठं पातेलं असेलच की घरात."

आहे ना.
त्यातच पाणी तापवलं,
तान्ह्यासाठी पाहतात तसं कोपर बुडवून पाहिलं,
आणि चुलीपाशी पत्र्याच्या टबात तिला बसवलं.
"अडली आहे," मी म्हणाले.
घरात दुसरं कुणी नव्हतं,
म्हणून ते मलाच ऐकावं लागलं.

पाणी निवलं की नवं.
बोटाला सूर्यफुलाचं तेल.
पोटाखाली हात धरला तर लागतं:
अंडं आहे, पण अंड्यासारखं नाही,
दबतं, सैल मळलेल्या कणकेसारखं.
जोर लावायचा नाही. आत फुटलं की संपलं.
हे मार्टोन सांगून गेला,
ज्याच्या तीन अशाच गेल्या.

सहा वर्षं हिची अंडी विकते मी.
खायला नव्हे.
दोन्ही टोकांना भोक पाडून फुंकायची,
कांद्याच्या सालीत तांबडी करायची,
मग चाकूच्या टोकानं रंग खरवडून
ट्युलिप, हरीण, एखाद्या मुलीचं नाव.
ईस्टरच्या बाजारातून शहरातल्या बायका
कापसात गुंडाळून नेतात.
आतलं सगळं माझ्या शेवयांत जातं,
टरफल परगावी.
एकही परत आलं नाही.
आणि ही दर वसंतात नवं उभं करत राहिली.
कुठून?
मी तर मका टाकायचे, आणि अंगणातलं गवत.
आता तिच्या छातीच्या हाडावरून बोट फिरवताना
कुठून, ते कळतंय.

रात्री पावणेतीनला कळ आली.
मान ताठ, डोळ्यावर तो आतला पातळ पडदा.
मग माझ्या ओंजळीत कोमट काहीतरी,
बिनटरफलाचं.
दिव्यासमोर धरलं
तर बलक हलताना दिसला,
काहीही न झाकता.
मी नजर वळवली. का, कोण जाणे.

कपाटावर गेल्या वर्षीचं एकच उरलं होतं.
हरीण, आणि खाली नाव: पिरोश्का.
आगाऊ पैसे दिलेली बाई न्यायला आलीच नाही.
वर्षभर त्याच्यावरची धूळ पुसत होते मी.
खलबत्त्यात घातलं.
आधी शिंगं गेली, मग नाव.
भिजवलेल्या ओटमध्ये कालवून पुढे केलं.
ती बराच वेळ बघत राहिली,
मग चोचीनं चाळून चाळून
आधी टरफलच खाल्लं,
ओट नंतर.

मार्टोन म्हणतो, यंदा हिला अंडी घालू द्यायची नाहीत.
उजेड वाढला की यांच्या पोटात घड्याळ चालू होतं.
म्हणून कोठीच्या खिडकीवर घोंगडी ठोकली,
दुपारी चारला दार लावून घेते.
बाहेर टिसाकाठी दिवस रोज तीन मिनिटांनी लांबतोय,
विलो पिवळे पडलेत कळ्यांनी,
नर दाराशी मुक्काम ठोकून,
आणि मी इथे चोरासारखी
एका जीवापासून वसंत लपवते आहे.
बाजारातली माझी जागा
यंदा लाकडी चमचेवाल्याला दिली.

आज दहाव्या दिवशी
वाडगं ठेवायला हात आत घातला,
तर अंधारातून तिनं अंगठा धरला
आणि पिळला, अगदी मनापासून.
रक्त आलं.
तोंडात अंगठा धरून
उंबऱ्यावर बसले थोडा वेळ.
बरं वाटलं.